दुधातून लागतो का?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



मी शास्त्रज्ञ नाही. एमएसडब्ल्यू केलं आणि गेली काही वर्षं नाशिकच्या वस्त्यांमधून काम करते. तरीही आज एका शास्त्रज्ञ बाईंबद्दल बोलायचं ठरवलं आहे. त्याला कारण घडलं पंचवटीजवळच्या एका वस्तीत.

मागच्या पावसाळ्यात एका घरी गेले होते. बावीस-तेवीस वर्षांची बाळंतीण, दीड महिन्याची मुलगी, आणि मुलीच्या तोंडात बाटली. मला वाटलं दूध कमी असेल. तर नाही, दूध भरपूर होतं. ही पिळून मोरीत टाकत होती. तिची आई दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरने गेली होती. सासूबाई मला म्हणाल्या, "ताई, तिच्या आईचं ते दुधातून पोरीत उतरेल ना." मला ठामपणे 'नाही' म्हणता आलं नाही. "डॉक्टरांना विचारून सांगते," म्हणाले आणि इतर कामांत अडकले. आठ दिवसांनी गेले तेव्हा दूध आटलं होतं.

त्यानंतर मी उत्तर शोधायला बसले. वाचता वाचता कळलं, की सासूबाईंचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. हाच प्रश्न एकेकाळी जगभरच्या प्रयोगशाळांमधून विचारला जात होता आणि आपल्या परळला त्यावर काम करणारी बाई मराठी होती. डॉ. कमल रणदिवे.

कमलताई माहेरच्या समर्थ. जन्म पुण्यात, 8 नोव्हेंबर 1917 चा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं असं त्यांच्या मनात होतं. मुलीने दोन्ही केलं नाही. हुजूरपागेत शिकून ती फर्ग्युसनमध्ये गेली, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्रात रमली. 1939 साली गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न झालं. 1943 मध्ये त्यांनी पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. केलं, सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर! म्हणजे लग्नानंतर चार वर्षांनी. त्यात नवऱ्याची मदत होती हे आवर्जून सांगते, कारण आपल्या शिबिरांत 'लग्नानंतर शिक्षण सुटलं' हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल.

पुढे मुंबई, टाटा मेमोरियल हॉस्पिटल, डॉ. वसंतराव खानोलकरांचं मार्गदर्शन आणि 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मग शिष्यवृत्ती घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, बाटलीत वाढवायचं तंत्र तिथे शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात या तंत्राची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. परदेशात राहून गेल्या नाहीत. 1966 ते 1970 या काळात त्या केंद्राच्या संचालकपदाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती.

इथे जरा थांबते. गाय यांच्या याच प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या पेशी वाढवल्या गेल्या. तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. पेशी घेताना तिला कुणी विचारलं नाही. ती त्याच वर्षी गेली. पेशी मात्र आजही जगभर वाढताहेत. घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता, आणि या पेशींवर नफा कमावणाऱ्या एका कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली ती 2023 मध्ये. आपण ज्ञानाचं कौतुक करू, पण कुणाच्या शरीरातून ते आलं हेही विचारत राहू.

आता मूळ प्रश्न. 1936 साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी उंदरांवर प्रयोग केला. उंदरांच्या एका वाणात माद्यांना स्तनाच्या गाठी फार व्हायच्या. त्या वाणाची पिल्लं जन्मताच दुसऱ्या, निरोगी वाणाच्या उंदरिणीला पाजायला दिली, तर मोठेपणी गाठी खूप कमी झाल्या. म्हणजे दुधातून काहीतरी जात होतं. पुढे कळलं की तो विषाणू आहे आणि त्याचा सगळा मजकूर आरएनएमध्ये लिहिलेला असतो.

आरएनए हा शब्द कोविडच्या लशीमुळे घरोघरी पोचला. सोपं करून सांगते. डीएनए ही पेशीच्या पेटीत जपून ठेवलेली मूळ वही. आरएनए म्हणजे कामापुरती तिच्यातून उतरवून घेतलेली चिठ्ठी. उतारा नेहमी वहीतून चिठ्ठीत होतो असंच शास्त्रज्ञ समजत होते. 1970 साली टेमिन आणि बाल्टिमोर (हे माणसाचं आडनाव, गावाचं नव्हे) यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की काही विषाणू उलटं करतात, चिठ्ठीवरचा मजकूर वहीत घुसडतात. उंदरांचा हा विषाणू त्यांतलाच. आणि गरोदरपणातल्या संप्रेरकांनी त्याला जोर चढतो. संप्रेरकं आणि विषाणू मिळून कॅन्सरची शक्यता कशी वाढवतात, हाच रणदिवेबाईंच्या कामाचा गाभा होता.

पण ही गोष्ट उंदरांची. बाईच्या दुधातून कॅन्सर लेकराला लागतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. उलट, 30 देशांतल्या 47 अभ्यासांची एकत्र मांडणी 2002 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आली. तिच्यात दिसलं की पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आईचा स्वतःचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी कमी होतो. कॅन्सरची औषधं चालू असलेल्या बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नये, कारण औषध दुधात उतरतं. हे नीट लक्षात ठेवा, दोन्ही एकात मिसळू नका.

घराण्यातून येणारा कॅन्सर असतो, पण तो शंभरातल्या पाच ते दहा बायकांचा. तो येतो वहीतून, दुधातून नव्हे. आणि वही आई-बाप दोघांची असते. सदोष जनुक बापाकडूनही मुलीला येऊ शकतो. आमच्याकडे मात्र घराण्याचा दोष शोधायचा तर तो सुनेच्या माहेरी.

तर उत्तर होतं. पण पंचवटीच्या त्या खोलीपर्यंत ते पोचलं नव्हतं, आणि माझ्यापर्यंतही नाही. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत आम्हाला समुपदेशनाच्या पायऱ्या पाठ करायला लावल्या, हे कुणी शिकवलं नाही. रणदिवेबाईंना हे अंतर दिसलं असावं असं मला वाटतं. 1973 साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. या संघटनेने वाशीला काय उभारलं? नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर. विदुषींच्या संघटनेला पाळणाघर महत्त्वाचं वाटलं, हे मला फार आवडलं. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती त्यांनी गोळा केली, ग्रामीण बायकांपर्यंत आरोग्यसेवा नेली. 1982 साली पद्मभूषण मिळालं. 2001 मध्ये त्या गेल्या.

संशोधन करणाऱ्या बाईची वाट आजही सरळ नाही. ज्या कॅटालिन कारिको यांच्या आरएनएवरच्या कामातून कोविडची लस निघाली, त्यांना 1995 साली अमेरिकेतल्या विद्यापीठाने खालच्या पदावर आणलं होतं. नोबेल मिळालं 2023 साली.

हे सगळं वाचून मी त्या घरी पुन्हा गेले. उशिरा का होईना, सांगितलं. सुनेने ऐकून घेतलं, काही बोलली नाही. पुढच्या खेपेला पाजीन, एवढंच म्हणाली. सासूबाईंना बापाकडून येऊ शकणाऱ्या वहीचं सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या धाकट्या नणंदेलाही गाठच होती. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं."