खाणीचें नांव सांगणारीं नाणीं

चाकणच्या एका कारखान्यांत काम करणारा माझा जुना विद्यार्थी मध्यंतरीं शिक्षणासाठीं जर्मनीस गेला होता. शिवराया जमविण्याचें माझें वेड त्यास ठाऊक; म्हणून परत येतांच त्यानें निगडीस माझ्या घरीं एक चांदीचें नाणें आणून दिलें. "सर, वाचा," एवढेंच तो म्हणाला. मी पडलों मॅट्रिक झालेला शाळामास्तर. तीं जर्मन अक्षरें लावतां लावतां संध्याकाळ गेली.

नाणें १८६२ सालचें, प्रशियाच्या राजाचें. एका बाजूस राजाचें मुख, दुसऱ्या बाजूस गरुड, आणि शब्द असे: 'मान्सफेल्डच्या खाणकामाचा प्रसाद'. यास 'थालर' म्हणतात. ५०० ग्रॅम शुद्ध चांदींतून असे ३० थालर पाडीत. आपल्या राणीछाप रुपयाच्या सुमारें दीडपट चांदी एकांत भरते. परंतु मला खिळवून ठेवलें तें त्या शब्दांनीं. आपल्या जुन्या रुपयानें बादशहाचें नांव सांगितलें, टांकसाळीचें गांव सांगितलें. चांदी कोणत्या डोंगराची, हें कधीं सांगितलें नाहीं. सांगणार तरी कसें? मोगली अमदानींत ती बहुतांशीं परदेशी नाण्यांच्या रूपानें सुरतेस उतरे आणि मुशींत आपली ओळख गमावून बसे.

जर्मनांनीं ही ओळख हौसेनें मिरविली. हार्त्स पर्वतांतील लाउटेन्थाल गांवच्या खाणीच्या थालरवर एक स्त्री वीणेसारखें वाद्य वाजवीत उभी आहे. कारण काय, तर गांवाच्या नांवांतच तें वाद्य आहे! ब्रुन्सविकच्या ड्यूक युलियसनें तर १५७४ पासून भलीं मोठीं नाणीं पाडून प्रजेस ऐपतीप्रमाणें घेण्यास व सांभाळण्यास भाग पाडलें. सरकारास गरज पडेल तेव्हां तीं परत द्यावयाचीं. हा छंद म्हणावा कीं कर?

मान्सफेल्डचा 'प्रसाद' कसा मिळे, तें मला मागाहून कळलें. तेथील चांदी तांब्याच्या काळ्या, पाटीसारख्या दगडांत मिसळलेली. थर इतका पातळ, कीं खाणकऱ्यांस कुशीवर पडून, मान वांकडी करून दगड फोडावा लागे. 'वांकड्या मानांचे' असेंच लोक त्यांस म्हणत.

इकडे मीं काय केलें? दिवाळीस देवांचीं उपकरणीं घांसतांना तें नाणेंही रांगोळीनें घांसून लखलखीत केलें. पुण्याच्या एका जाणत्या संग्राहकांनीं तें भिंगाखालीं धरलें मात्र, "मास्तर, नाण्याचें कातडें सोलून काढलेंत कीं हो!" असें ते उद्गारले. चांदीवर काळानें चढलेली काळसर छटा हा मळ नव्हे. ती घांसली कीं अक्षरांच्या कडा जातात आणि मोलही जातें. नवशिक्यांनीं माझ्यापासून एवढें तरी शिकावें.

त्यांनींच मजपुढें दुसरा थालर ठेवला. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा, साल १७८०. मीं तो भक्तिभावानें उचलला, तेव्हां ते हंसले. राणीच्या मृत्यूचें हें साल पुढें नाण्यावर तसेंच गोठून राहिलें, कारण इथिओपिया व अरबस्तान येथील लोकांचा विश्वास त्याच छापावर. दुसऱ्या महायुद्धांत, १९४०-४१ सालीं, ब्रिटिशांनीं असे दीड कोटींहून अधिक थालर पाडून घेतले, ते आपल्या मुंबईच्या टांकसाळींत! बारीक खुणा दाखवून हाही मुंबईचाच, असें त्यांनीं सांगितलें.

विद्यार्थी पुढील महिन्यांत पुन्हां जर्मनीस जात आहे. काय आणूं, असें त्यानें विचारलें. लाउटेन्थालची वीणावाली माझ्या पेन्शनींत बसणारी नव्हे. मान्सफेल्डकडील शेवटची खाण १९९० सालीं बंद झाली. तेथील काळ्या दगडाचा एखादा तुकडा मिळाल्यास घेऊन ये, असें मीं त्यास सांगितलें आहे.