फळ्या लावण्याआधी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



माझ्या मागच्या सागवानी भिंतीचं आज सगळे कौतुक करताहेत. पण जन्म बँकेत गेला, त्यामुळे कर्जदाराच्या कपड्यांपेक्षा तारण बघायची मला सवय. म्हणून दोन शब्द फळ्यांच्या मागच्या बाजूबद्दल.

हॉलच्या या भिंतीला दरवर्षी ओल यायची. रंग दिला की पापुद्रे निघायचे. गेल्या दिवाळीत सभेत सूचना आली, "फळ्या मारून टाका, ओल दिसणारच नाही!" मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून बंद केला. दोन दिवसांनी पाहिलं, तर भिंतीकडच्या बाजूला थेंब! म्हणाले, "साहेब, पाणी भिंतीतनं येतंय. आधी ते बंद करा, मग मला बोलवा." गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप फुटलेला निघाला. तो बदलला, गिलावा नवा केला आणि भिंत उन्हाळ्यापर्यंत सुकू दिली. उशीर झाला म्हणून काहीजण रागावले, पण थांबलो ते बरंच झालं.

मे महिन्यात फळ्या आल्या. मिस्त्रींनी त्या लगेच ठोकल्या नाहीत. आठवडाभर हॉलमध्येच ठेवल्या, इथली हवा अंगी लागावी म्हणून. भिंतीवर आडव्या रिपा मारल्या, म्हणजे मागे हवा खेळते. पहिली उभी फळी ओळंब्यात धरली, कारण ती तिरकी गेली की पुढच्या सगळ्या तिरक्या. प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ, दुसरीला खाच. खिळा जिभेतून तिरका मारायचा. पुढच्या फळीची खाच त्यावर बसली की तो दिसत नाही.

मात्र फळ्या गच्च दाबायच्या नाहीत. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत फुगतं आणि आकसतं. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि खरा पाऊस सप्टेंबरात. उन्हाळ्यात गच्च बसवलेली फळी पावसाळ्यात फुगून उचलते. म्हणून दोन फळ्यांत बारीक फट आणि भिंतीच्या कडांना बोटभर जागा ठेवली. कडांवर पट्टी आली.

पंचवीस वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. एकमेकांत गुंतायचं, पण थोडी जागा सोडून.

आता हिशेबाचं. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. ही वर्गणी काहींना जड वाटते. पण पाइप आणि गिलावा दुरुस्ती निधीतूनच झाला, कोणाच्या दारात पावतीपुस्तक घेऊन जावं लागलं नाही.

तरुण मंडळींना एक काम सोपवतो. खालची पट्टी मुद्दाम स्क्रूने बसवली आहे. दर दसऱ्याच्या आधी ती उघडा आणि भिंतीला हात लावून बघा. कोरडी असेल तर पट्टी परत लावा. ओली असेल तर त्याच दिवशी सेक्रेटरींना सांगा.