साखर मोजली, मनाचे काय?

१९२२ साली टोरांटोत इन्सुलिन प्रथम रुग्णाला टोचले गेले आणि मधुमेह्याला दीर्घायुष्य लाभू लागले. पण त्यासोबत जन्मभराचे पथ्यही आले. मी ते वीस वर्षे पाळतो आहे. मागल्या तीन महिन्यांची साखर सांगणारा अहवाल हाती पडला, की परीक्षेत नापास झाल्यासारखे वाटे. पुढे औषधही नकोसे झाले. तो आळस नव्हता, नैराश्य होते, हे फार उशिरा उमगले.

मधुमेह्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून डॉक्टरांना साखरेइतकेच मनाविषयीही मोकळेपणाने सांगा. घरच्यांनीही ‘गोड खाल्लेत ना?’ असे दरडावण्याऐवजी ‘आज मन कसे आहे?’ एवढे विचारावे. माझ्या पत्नीने एका संध्याकाळी हेच विचारले. माझे उपचार तेथून सुरू झाले.