पायांतील नीलाविकृती आणि शीतोपचार



खेळाच्या तासाला एखादी मुलगी पोटरी दुखते म्हणून नेहमी बाजूला बसते. तिच्या पोटरीवर निळसर, मऊ फुगवटा दिसतो. तो दाबल्यास बसतो, पाय वर घेतल्यास ओसरतो आणि उभे राहताच पुन्हा भरतो. ही लक्षणे एकत्र आढळली, तर नीलांची जन्मजात विकृती असण्याचा संभव धरावा.

दीर्घकाळ उभे राहून काम करणाऱ्या प्रौढांच्या पायांवरील फुगलेल्या शिरा निराळ्या. तेथे नीलांच्या झडपा निकामी होतात. येथे नीलांच्या भिंती गर्भावस्थेतच सदोष घडलेल्या असतात. मुलाच्या वाढीबरोबर विकृती वाढते. वयात येताना आणि गरोदरपणी ती विशेष बळावते. आतील रक्त संथ वाहते, गोठते, क्वचित त्याचे खडेही बनतात. गळू समजून अशा फुगवट्यास चिरा देणे अत्यंत धोक्याचे. डाग देण्याने तर वेदनेत नव्या जखमेची भर पडते. वैद्यकशास्त्रातही घोटाळा होताच. रक्तवाहिन्यांच्या वाढत्या गाठी आणि जन्मजात विकृती यांतील भेद मुलिकेन व ग्लोवाकी यांनी १९८२ मध्ये स्पष्ट केला.

सौम्य विकारास दाबमोजे पुरतात. पुढची पायरी म्हणजे सुईवाटे औषध सोडून त्या पोकळ्या बुजविणे. स्नायूत रुतलेली विकृती शस्त्रक्रियेने काढताना मात्र रक्तस्राव होतो आणि निरोगी स्नायूही गमवावा लागतो. अशा ठिकाणी, विशेषतः दुखरा भाग मर्यादित असेल तर, शीतोपचाराचा विचार होतो.

उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकतात, ते सर्वांनी पाहिलेच आहे. याच मिश्रणाने रोगग्रस्त भाग गोठविण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये जेम्स आर्नॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केला होता. आज सोनोग्राफीच्या साहाय्याने बारीक सुई विकृतीत नेतात. उच्च दाबाखालील आरगॉन वायू सुईच्या टोकात प्रसरण पावतो आणि तापमान शून्याखाली ४० अंशांच्याही खाली उतरते. टोकाभोवती बर्फाचा गोळा धरतो. त्याची कड पडद्यावर दिसते, हा मोठाच लाभ. गोठविणे, वितळविणे, पुन्हा गोठविणे, या क्रमाने विकृत पेशी नष्ट होतात. त्वचा व मज्जातंतू जवळ असल्यास इजेचे भय असते. म्हणून त्वचेस ऊब देऊन जपतात. वेदना पुष्कळ कमी होते. विकृती समूळ जाईलच, असे आश्वासन कोणी देऊ नये.

ही सोय तालुक्यात मिळणारी नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याखाली अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी होते. शिक्षकांनी पथकाला असा पाय आवर्जून दाखवावा. तेथून परभणीचे जिल्हा रुग्णालय आणि पुढे मोठे वैद्यकीय महाविद्यालय, असा मार्ग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे निघण्यापूर्वीच आरोग्यमित्राकडून विचारून घ्यावे. मजुरी बुडवून निघालेल्या पालकाची फेरी वाया जाता कामा नये. पाय दुखणारी मुलगी तपासणीच्या दिवशी घरीच राहिली असेल, तर तिचे नाव टिपून ते पथकाकडे पोहोचवावे.