बोटभर गाड्या आणि मामाची पद्मिनी

(मंडळाच्या 'माझा छंद' या कार्यक्रमात उरायासु येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द तसेच ठेवले आहेत.)



या कार्यक्रमासाठी संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमचा छंद काय?" मी म्हटलं, "गाड्या जमवतो." पलीकडे दोन सेकंद शांतता. उरायासुत एक गाडी उभी करायची तर पार्किंगच्या भाड्याचा विचार करून माणूस सायकल घेतो, आणि हा म्हणतो गाड्या जमवतो! मग मी घाईघाईने सांगितलं की अहो, बोटभर गाड्या. दोनशेच्या वर आहेत, पण सगळ्या एका कपाटात मावतात. त्यावर ते म्हणाले, "अच्छा, खेळण्यातल्या!" हा शब्द माझ्यासारख्यांना जरा लागतो. पण आज मी तो मान्य करायलाच उभा आहे. खेळण्यातल्याच आहेत. हे कळायला मला बरीच वर्षं आणि एक भूकंप लागला.

आधी थोडी शास्त्रोक्त माहिती, कारण इंजिनीयरला त्याशिवाय बोलता येत नाही. या गाड्यांना डायकास्ट म्हणतात. जस्ताचा एक मिश्रधातू असतो, झमॅक नावाचा. त्यात सुमारे 4 टक्के अॅल्युमिनियम, थोडं तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम. तो 400 अंशांच्या आतच वितळतो. मग तो दाबाने पोलादी साच्यात, म्हणजे 'डाय'मध्ये, सोडतात. म्हणून डायकास्ट. साचा महाग, पण एकदा झाला की त्यातून लाखो गाड्या निघतात. जस्तात शिशाची भेसळ राहिली तर मात्र काही वर्षांनी गाडीला आतून तडे जातात आणि ती बिस्किटासारखी चुरते. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी गाड्या अशाच गेल्या.

दुसरा शब्द स्केल. 1:64 म्हणजे खरी गाडी भागिले 64. चार मीटरची गाडी सव्वासहा सेंटिमीटरची होते. 1:43 ला तीच नऊ सेंटिमीटरच्या पुढे जाते. आपल्या मुलांच्या हातात असते ती तोमिका मात्र स्केलच्या बाबतीत बिनधास्त आहे. बस असो की छोटी केई कार, ती ठरलेल्या छोट्या खोक्यात बसली पाहिजे, म्हणून प्रत्येकीचं प्रमाण वेगळं. गाडी उलटी करून पाहा, पोटावर आकडा छापलेला असतो.

आता या गाड्या आल्या कुठून? इंग्लंडमध्ये लेस्नी नावाची कंपनी होती. तिथल्या जॅक ओडेल या इंजिनीयरच्या मुलीच्या शाळेचा नियम असा की काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं आणायचं. बापाने काडेपेटीत बसणारा रोडरोलर करून दिला. त्यातून 1953 साली 'मॅचबॉक्स' गाड्या आल्या. 1968 साली अमेरिकेत मॅटेलच्या 'हॉट व्हील्स' आल्या, सुसाट पळणाऱ्या. आणि 1970 साली जपानमध्ये तोमी कंपनीने तोमिका काढली, 180 येनला एक.

या तोमिकाची गोष्ट मला फार आवडते. त्या काळी जपानी मुलं खेळायची त्या छोट्या गाड्या बहुतेक परदेशी असायच्या. तोमीने ठरवलं की आपल्या मुलांच्या हातात आपल्या रस्त्यावरच्या गाड्या हव्यात. म्हणून पहिल्या सहाच्या सहा गाड्या जपानी होत्या. ब्लूबर्ड, कोरोना मार्क टू, क्राउन, क्राउनचीच पोलिसांची गाडी, टोयोटा 2000 जीटी आणि फेअरलेडी झी. बाबा चालवतात ती किंवा शेजारचे काका चालवतात ती गाडी मुलाच्या मुठीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी परत येणार आहे.

मी 2016 साली जपानला आलो. पहिल्याच वर्षी तोक्यो स्टेशनच्या तोमिका शॉपमध्ये शिरलो आणि कामातून गेलो. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी नव्या गाड्या येतात. काहींचा पहिला लॉट वेगळ्या रंगात असतो. म्हणजे दोन घ्यायच्या. मग खोकं उघडायला एक आणि न उघडता ठेवायला एक, म्हणजे चार! डिस्ने तर आपल्या दाराशीच, आणि पार्कात मिळणाऱ्या डिस्ने व्हेईकल कलेक्शनच्या तोमिका बाहेर मिळत नाहीत. पाहुण्यांना डिस्नेला नेण्याचा मला एवढा उत्साह का, हे बायकोला फार उशिरा कळलं. सेकंडहॅन्ड दुकानांत जाऊन पोटावर 'मेड इन जपान' लिहिलेल्या जुन्या गाड्या शोधायच्या, हा रविवारचा कार्यक्रम. कपाटाला काच, काचेला कुलूप. आणि मुलगा चालायला लागल्यावर घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं वाक्य, "हात लावू नकोस!"

मंडळी, विचार करा. लहान मुलांसाठी केलेली वस्तू मी लहान मुलापासून कुलपात ठेवत होतो. तेव्हा यात काही विचित्र आहे असं मला वाटलं नाही.

7 ऑक्टोबर 2021 ची रात्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पावणेअकराच्या सुमारास भूकंप झाला, 5.9 क्षमतेचा, केंद्र आपल्याच चिबाच्या वायव्य भागात. आम्ही मुलाला घेऊन टेबलाखाली. कोणाला काही लागलं नाही, देवाची कृपा. पण कपाटाच्या वरच्या दोन फळ्या सुटल्या आणि पन्नासएक गाड्या एकमेकींवर आदळल्या. कुणाचा रंग उडाला, कुणाचा आस वाकला. संग्राहकाच्या भाषेत त्यांची किंमत शून्य. मी डोक्याला हात लावून बसलो. आणि पाच वर्षांचा मुलगा हळूच येऊन म्हणाला, "बाबा, आता या खेळायच्या झाल्या का?"

मी 'हो' म्हणालो. दुसरं म्हणणार तरी काय?

तिथून माझा दुसरा छंद सुरू झाला, कस्टमायझिंग. म्हणजे गाडी उघडायची, रंग काढायचा, नवा रंग, नवी चाकं, आपल्या मनासारखी करायची. तोमिकाच्या पोटाला पुढे-मागे रिवेट असतात. त्यांच्या बरोबर मध्यावर ड्रिल धरलं की तळ सुटतो. काचा आणि सीट आधी बाहेर काढायच्या, नाहीतर रंग काढायचं रसायन प्लास्टिक खाऊन टाकतं. (अनुभवाचे बोल!) मग नुसती धातूची बॉडी धुवायची, वाळवायची, वर प्रायमर, म्हणजे अस्तर, आणि मग रंगाचे पातळ पातळ हात. एकदम जाड हात मारला की दारांच्या रेघा, मूठ, सगळं बुजून जातं. आमच्या धंद्यात चुकलं की अन-डू असतं. इथे नाही. म्हणून दुर्मिळ, धड असलेली जुनी गाडी कधीही खरवडू नका. पडझड झालेलीच घ्या. आणि फार जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं, ती मुलांच्या आसपास घासू नका. थिनरचं काम खिडकी उघडून आणि मास्क लावूनच.

वर्षभरात मुलाला अॅम्ब्युलन्स, फायर इंजिन, पोलीस असं बरंच करून दिलं. आणि मग 2023 ची दिवाळी आली.

दिवाळीच्या तोंडावर बातमी वाचली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीचं वय 20 वर्षं, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स, कुर्ल्याचा कारखाना, मूळची इटलीची फियाट 1100, आणि 1974 पासून तिचं नाव पद्मिनी. इतकं मोठं प्रकरण, संपलं.

माझ्यासाठी ती नुसती बातमी नव्हती. माझा मामा लालबागचा, गिरणीत बदली कामगार. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला आणि त्याची गिरणी पुन्हा उघडली नाही. मामा गाडी चालवायला शिकला, आठ वर्षं दुसऱ्याची टॅक्सी चालवली आणि 1990 साली कर्ज काढून स्वतःची पद्मिनी घेतली. माझी इंजिनीयरिंगची पहिल्या वर्षाची फी त्याने भरली. रोजच्या मीटरमधून बाजूला काढलेले पैसे होते ते, दहा-दहाच्या नोटांची बंडलं. 2013 साली 20 वर्षांची मर्यादा लागू झाली आणि त्याची गाडी भंगारात गेली. त्या दिवशी मी मुंबईतच होतो, पण ऑफिसात रिलीज होतं. गेलो नाही. मामा कधी बोलला नाही त्याबद्दल, पण मला ते आजही बोचतं.

मुलाला बातमी दाखवली तर त्याने विचारलं, "पद्मिनी म्हणजे कोण?" बरोबरच आहे. त्याच्याकडे तोक्योच्या टॅक्सीची तोमिका आहे, लंडनच्या टॅक्सीची मॅचबॉक्स आहे, पण ज्या टॅक्सीवर त्याच्या बापाचं शिक्षण झालं ती नाही. तोमीने 1970 साली जे जपानी मुलांसाठी केलं ते आपल्या घरात आपणच करायला हवं, असं ठरवलं.

एका युरोपियन कंपनीची 1:43 ची फियाट 1100 सेकंडहॅन्ड मिळाली, आरसा तुटलेली, म्हणून स्वस्त. लांबी नऊ सेंटिमीटर. रंग काढला. इथे एक युक्ती सांगतो. काळा-पिवळा करायचा तर आधी पिवळा. आणि पिवळ्याच्या खाली पांढरा, कारण पिवळा रंग झाकत नाही, खालचा करडा प्रायमर डोकावतो. पिवळा दोन दिवस वाळला की छतावर मास्किंग टेप, कडा टूथपिकने दाबून घ्यायच्या, मग खाली काळा. मी हे सगळं नीट केलं, फक्त जून महिन्यात केलं. त्सुयु! दमट हवेत लॅकर मारला की रंगावर पांढरी साय धरते. काळीभोर टॅक्सी राख फासल्यासारखी दिसायला लागली. सगळं खरवडून हिवाळ्याची वाट पाहिली. आपल्या तोक्यो-चिबाची जानेवारीतली कोरडी हवा रंगाला उत्तम. ओठ फुटतात, पण रंग फुटत नाही.

नंबरप्लेट जेमतेम एक सेंटिमीटरची. घरच्या प्रिंटरवर डेकल पेपरवर छापली, मामाच्या गाडीचाच नंबर. कॅरियर पितळी तारेचा, कॉलेजनंतर पहिल्यांदा सोल्डरिंग केलं. आणि बाहेर लावलेला तो लोखंडी मीटर, प्लास्टिकचा चार मिलिमीटरचा तुकडा तासून. झेंडा मात्र फिरतो, त्यासाठी टाचणी कापून बसवली आहे.

झाल्यावर व्हिडिओ कॉल लावला. मामा आता सत्तरीकडे आला आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. त्याने मोबाईल नाकाजवळ धरून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, डोळे पाणावले असतील. तर म्हणाला, "अरे, मीटर उजवीकडे लावलास? डावीकडे असतो. उजवीकडे लावून रहदारीत हात तोडून घ्यायचा का?"

चुकलं होतं! फोटो बघून केलं, पण फोटो उलटा छापलेला होता. मग मामाने तासभर दुरुस्त्या सांगितल्या. गिअर स्टिअरिंगला असतो, खाली नाही. कॅरियर जरा मागे. मुलगा शेजारी बसून ऐकत होता. एरवी व्हिडिओ कॉलवर तो "हाय मामाआजोबा, बाय मामाआजोबा" एवढंच बोलतो आणि पळतो. त्या दिवशी तोडक्यामोडक्या मराठीत विचारायला लागला. झेंडा खाली का करायचा? पाऊस आला की मीटर भिजायचा का? तुम्ही झोपायचे कुठे? आणि मामा सांगत होता, संपाचं, रात्रपाळीचं, लालबागच्या गणपतीच्या गर्दीचं. मलाही माहीत नसलेलं. शेवटी मी विचारलं, "मामा, तुझी गाडी गेली त्या दिवशी तू एकटाच गेला होतास का?" म्हणाला, "एकटा कशाला? गाडी होती की बरोबर."

आपण राहतो त्या गावालाही हे माहीत आहे. उरायासु हे कोळ्यांचं गाव होतं. 1971 साली मासेमारीचे हक्क पूर्ण सोडले गेले, समुद्र बुजवला, 1983 साली त्या भरावावर डिस्नेलँड उभं राहिलं. पण गावाच्या संग्रहालयात बेकाबुने नावाच्या त्यांच्या छोट्या होड्या आणि 1952 सालच्या सुमाराची गल्ली जपून ठेवली आहे. मुलांना घेऊन जरूर जा. नुसतं बघून येऊ नका, तिथल्या आजोबांशी बोला.

आणि घरी आलात की एक करा. तुमच्या घरातली गाडी कोणती होती? एसटीची लाल बस, मॅटाडोर, राजदूत, बैलगाडी, काहीही. दुकानात मिळणार नाही. कार्डबोर्डची करा, मातीची करा, किल्ल्यावर ठेवा. चूक झाली तर उत्तम, चूक काढायला गावाकडचं कोणीतरी फोनवर येईल.

आमची पद्मिनी काचेच्या कपाटात नाही. तिच्या छताचा पिवळा एका कोपऱ्यात उडालाय, एक चाक डगमगतं. मीटर आता डावीकडे आहे. आज ती इथे आणायची होती, पण चिरंजीवांनी सकाळीच सांगितलं, "बाबा, पॅसेंजर आहे, जमणार नाही."

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.