ब्रश आहे, मिस्वाक आहे, तरी हिरड्यांतून रक्त का येतं?

(युवकांच्या मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दातांचा डॉक्टर नाही. त्यामुळे औषधं सांगणार नाही. फक्त एका चुकीच्या समजुतीबद्दल बोलणार आहे.

थुंकीत रक्त दिसलं की आपल्या घरांत तीन उत्तरं तयार असतात. अंगात उष्णता झालीय. ब्रश कडक आहे. आणि दोन दिवस घासू नकोस, आपोआप थांबेल. यातलं तिसरं सगळ्यात घातक.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणंच बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं, तेव्हा साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. उष्णतेचा काही संबंध नव्हता. दातावर साचणारा जंतूंचा चिकट थर हेच कारण होतं. म्हणून रक्त येतं तिथे घासणं थांबवायचं नाही, मऊ ब्रशनं नीट घासायचं.

पण हा थर तसाच राहिला, तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत कडक होऊ लागतो. यालाच आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवून बघा, खरखरीत लागतं का? लाळेच्या ग्रंथी तिथेच जवळ उघडतात, म्हणून कीटण तिथे लवकर धरतं. एकदा ते दगडासारखं झालं की ब्रशनं निघत नाही.

आणि मिस्वाकनंही निघत नाही. हे ऐकून कुणी नाराज होऊ नका. पीलूच्या झाडाची ही काडी रोजचा मऊ थर काढायला चांगली आहे, आणि पाच वेळा वुजू करताना चूळ भरणाऱ्यांना तोंडाच्या स्वच्छतेचं महत्त्व मी काय सांगणार? पण आपल्यातले बरेच जण काडी समोरच्या सहा दातांवर फिरवतात आणि खिशात ठेवतात. सुन्नतीत तोंडाच्या स्वच्छतेला महत्त्व आहे, तर मशीननं कीटण काढून घेणं तिच्या विरुद्ध कसं जाईल?

‘दात साफ केले की हलायला लागतात’ हे तर प्रत्येक मोहल्ल्यात ऐकायला मिळतं. स्केलिंगच्या मशीनचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं, सोबत पाण्याचा फवारा असतो, आणि कीटण सुटून पडतं. नंतर दातांत फट दिसते, कारण ती कीटणानं भरलेली होती. हलणारा दात आधीच सैल झालेला असतो, कीटणानं त्याला नुसतं धरून ठेवलेलं असतं. काही दिवस थंड पाणी झोंबतं, बस्स.

खरी भीती पुढची आहे. सूज हिरडीवरून आतल्या हाडापर्यंत गेली की झिजलेलं हाड सहसा परत येत नाही. बहुतेकदा दुखतही नाही. कोडमधल्या वॉर्निंगसारखं आहे हे, प्रोग्राम चालतोय म्हणून आपण पाहत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत तर रक्तही कमी येतं, म्हणजे इशाराच मिळत नाही.

आता घरातल्या बायकांकडे बघा. आजी, खाला, कधी अम्मीसुद्धा मशेरी लावतात, आणि त्याला दात घासणं म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरडीचं नुकसान करते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढवते. शिवाय घरात मधुमेह असेल तर दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ अंकांनी उतरल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. आपण अम्मीच्या शुगरचा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी काढतो, पण तिचं तोंड उघडून कोण बघतं?

पैशांचा प्रश्न खरा आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो, वेळ मात्र जास्त द्यावा लागतो. आपल्या आरोग्य शिबिरांत शुगर आणि बीपीच्या टेबलाशेजारी हिरड्या तपासणारं एक टेबल लावायला हवं.

तिथे गेलात की हिरडी आणि दात यांच्यातली खोली मोजून मागा. एक ते तीन मिलिमीटर ठीक आहे, चार किंवा जास्त असेल तर उपचारांचं विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयाची झडप बदललेली असेल, तर ते आधी सांगा. पुढची सफाई कधी, हे डॉक्टर तुमच्या हिरड्या पाहून ठरवतील, प्रत्येकाला सहा महिने हाच हिशेब लागू नाही.

रोज्यात स्केलिंग करावं का, हे आलिमना विचारा. रमजानला अजून वेळ असेल, तर त्याआधीच उरकून घ्या.