घरातला तलाव : काच की ॲक्रिलिक?

मासे पाळण्याचा नाद आपल्याकडे आता शहरापुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी नवे घर बांधले, की दिवाणखान्यात एक मोठी मत्स्यपेटी हवी, असे घरातली मुले म्हणतात. शाळांतूनही शिक्षक ती ठेवतात. लहानशी काचपेटी असेल तर प्रश्न नसतो. बाजारात जावे आणि उचलून आणावी. पण पेटी सहा फूट लांब, दोन फूट रुंद नि दोन फूट उंच करायची ठरली, की घरात दोन पक्ष पडतात. वडीलधारी म्हणतात, "काचच बरी, डोळ्यांदेखतची वस्तू आहे." मुंबईहून आलेला भाचा म्हणतो, "मामा, काचेचे दिवस गेले. ॲक्रिलिक करा. हलकं, मजबूत, फुटायचं नाव नाही."

दोघांचेही थोडे खरे आहे. मी गणिताचा अध्यापक. म्हणून मी तुम्हाला म्हणेन, की आधी बेरीज-गुणाकार करू आणि मग मत देऊ. कारण ही नुसती हौसेची गोष्ट नाही. साडेसहाशे लिटर पाणी घरात, मुलाबाळांच्या उंचीवर उभे करायचे आहे.

प्रथम पाण्याचा स्वभाव पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात हा प्रयोग केलाच असेल. पत्र्याच्या डब्याला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोके पाडायची आणि डबा पाण्याने भरायचा. खालच्या भोकातून येणारी धार सर्वांत जोराची. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, पसाऱ्यावर नाही. कोयनेच्या धरणामागे मैलोगणती पाणी पसरले आहे, पण भिंतीची जाडी ठरते ती पाण्याच्या उंचीवरून. म्हणून तर धरणाची भिंत माथ्याशी अरुंद आणि पायथ्याशी रुंद असते.

हाच नियम आपल्या पेटीला लावा. पेटी 180 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच. काठोकाठ भरली तर पाणी 648 लिटर, म्हणजे 648 किलो. तळाशी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 60 ग्रॅमचा दाब, वर पृष्ठभागाशी शून्य; म्हणजे सरासरी 30 ग्रॅम. समोरच्या भिंतीचे क्षेत्रफळ 10,800 चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की उत्तर येते 324 किलो. सव्वातीन क्विंटलचा रेटा, रात्रंदिवस, वर्षानुवर्षे त्या एका भिंतीवर!

आता गंमत पाहा. पेटीची रुंदी दुप्पट केली तर समोरच्या भिंतीवरचा हा रेटा वाढतो किती? मुळीच नाही. पण उंची 60 ची 90 केली, तर तोच रेटा 729 किलो होतो. उंची दीडपट, रेटा सव्वादोन पट. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा : पेटी मोठी हवी असेल तर लांब-रुंद करा, उंच करू नका. माशांनाही पोहायला लांबी लागते, आणि हवेशी मिळणारा पृष्ठभाग जितका मोठा तितका पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो.

आता दोन्ही पदार्थांची ओळख करून घेऊ. काच आपल्या ओळखीची आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले, तेही काचेच्या टाक्यांचेच. पुढे पुष्कळ काळ घरोघरीच्या पेट्या लोखंडी चौकटीत काच आणि लांबी भरून करीत. चौकट गंजे, लांबी वाळून पाणी झिरपे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकोनचा चिकट पदार्थ आला आणि चौकटीची गरजच संपली.

ॲक्रिलिक हे त्या मानाने नवे. ते एक पारदर्शक प्लास्टिक आहे. जर्मनीत आणि इंग्लंडात 1930 नंतरच्या दशकात ते बाजारात आले, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या वैमानिक-कक्षांवर त्याची झाकणे बसवली गेली. काही वैमानिकांच्या डोळ्यांत या झाकणांचे कण गेले. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्यांच्या ध्यानात आले, की डोळा या कणांना फारसा विरोध करीत नाही. त्यावरून त्यांनी 1949 साली लंडनमध्ये मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात याच पदार्थाचे भिंग बसवले. तुमच्या गावात कोणा आजोबांनी शिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली असेल, तर त्यांच्या डोळ्यातले भिंग बहुधा याच कुळातले असेल. सांगायचे एवढेच, की प्लास्टिक म्हणून नाक मुरडण्याजोगी ही वस्तू नव्हे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 चे. ते नूतनीकरणानंतर 2015 साली पुन्हा उघडले, तेव्हा आत माशांखालून चालत जाण्याचा जो बोगदा केला होता, तो ॲक्रिलिकचाच. असे वळण काचेला सहजी देता येत नाही.

बरे, "हलकं" या शब्दाचा हिशेब करू. पाण्याच्या तुलनेत काच अडीच पट जड आणि ॲक्रिलिक सुमारे 1.2 पट. आपली पेटी 12 मिलिमीटर जाडीच्या काचेची केली तर रिकामी पेटी सुमारे 119 किलो भरते. तितक्याच जाडीच्या ॲक्रिलिकची केली तर 57 किलो. म्हणजे निम्मी! भाचा जिंकला, असे वाटते ना? पण थांबा. ॲक्रिलिक काचेपेक्षा वीस पटींहून अधिक लवचीक आहे. पाण्याच्या रेट्याखाली ते पोट काढते. काचेइतकेच ताठ राहावे असे म्हटले, तर जाडी जवळजवळ पावणेतीन पट घ्यावी लागेल, आणि मग ॲक्रिलिकची पेटी काचेच्या पेटीहून जड होईल! व्यवहारात कारागीर इतकी जाडी घेत नाहीत. थोडे पोट चालवून घेतात आणि वरच्या काठाला चहूबाजूंनी रुंद पट्टी जोडतात. तरी 20 मिलिमीटर धरले तर वजन 94 किलोंच्या आसपास येते, पट्टी वेगळीच. म्हणजे वाचले सुमारे वीस किलो, आणि आत पाणी 648 किलो. जिना चढवताना हमालाला हा फरक कळेल, घराच्या स्लॅबला कळणार नाही.

आणि स्लॅबचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट बजावून सांगतो. पाणी, पेटी, वाळू-दगड नि खालचे टेबल मिळून हा भार नऊशे किलोंच्या घरात जातो, आणि तो जेमतेम एक चौरस मीटर जागेवर. राहत्या घराचा मजला साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून आखतात. याचा अर्थ मजला लगेच कोसळेल असा नव्हे, कारण हा हिशेब साऱ्या खोलीचा असतो. पण पेटी वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर ती भिंतीलगत, तुळईच्या अंगाने ठेवावी, आणि तीही इंजिनियरला विचारूनच. माळवदावर किंवा लाकडी माडीवर ठेवण्याचा विचारसुद्धा करू नये. तळमजल्याची पक्की जमीन सर्वांत उत्तम.

"फुटायचं नाव नाही" हेही तपासू. मुलाचा चेंडू लागला, कुणाचे कोपर आदळले, तर ॲक्रिलिक काचेपेक्षा कितीतरी अधिक मार सोसते, हे अगदी खरे. काच एका क्षणात जाते आणि तिचे तुकडे धारदार असतात. ॲक्रिलिकचे सांधेही वेगळे. काचेत सिलिकोन दोन तुकड्यांना धरून ठेवते. ॲक्रिलिकमध्ये द्रावकाने कडा विरघळवून त्या एकमेकींत मिसळतात, म्हणजे सांधा नीट साधला तर पेटी जणू एकसंध होते. पण सांधा नीट साधणे, यातच सारे आले. जर्मनीत बर्लिनच्या एका हॉटेलात दहा लाख लिटर पाण्याचे ॲक्रिलिकचे गोल मत्स्यालय होते. 16 डिसेंबर 2022 रोजी पहाटे ते एकाएकी फुटले. सुमारे पंधराशे मासे होते, बहुतेक मेले. दोन माणसे जखमी झाली. पहाटेची वेळ होती म्हणून माणसे वाचली. तपासात तज्ज्ञांनी जे संशय मांडले त्यांत एक सांध्याविषयी होता, आणि दुसरा, दुरुस्तीसाठी टाकी रिकामी असताना ॲक्रिलिक कोरडे पडल्याविषयी. तेव्हा "कधीच फुटत नाही" असे कोणी दुकानदार म्हणाला, तर त्याला हात जोडावेत आणि दुसऱ्या दुकानात जावे.

आता दिसण्याचा मुद्दा. साध्या काचेत लोहाचा थोडा अंश असतो, म्हणून जाड काच किंचित हिरवट दिसते. ॲक्रिलिक पाण्यासारखे स्वच्छ असते. फूटभर जाडीच्या भिंती असलेल्या मोठ्या मत्स्यालयांत हा फरक फार मोठा ठरतो. अर्ध्या इंचाच्या घरगुती पेटीत तो शोधूनच पाहावा लागतो.

मात्र स्वच्छ असणे वेगळे आणि स्वच्छ राहणे वेगळे. इथे आपल्या गावाकडच्या मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. आपल्यापैकी अनेकांकडे बोअरचे पाणी जड असते. हंड्याच्या आत, बादलीच्या काठाला जो पांढरा थर बसतो, तोच पेटीच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला बसणार. काचेवरचा थर पात्याने खरवडता येतो. ॲक्रिलिकवर पाते चालवले तर चरा पडलाच म्हणून समजा. शेवाळ पुसताना फडक्यात वाळूचा एक कण अडकला, तरी पुरे आहे. चरे घासून, चकचकीत करून घालवता येतात, हे ॲक्रिलिकच्या बाजूचे. काचेचा चरा सहसा कायमचा. पण ते काम वेळखाऊ आहे. शिवाय खिडक्या पुसायच्या औषधांत अमोनिया किंवा अल्कोहोल असते. त्याने ॲक्रिलिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा येऊ शकतात. घरात आठवड्याला पेटी कोण पुसणार आहे, त्या माणसाचा हात आधी डोळ्यांपुढे आणावा आणि मग निवड करावी.

उन्हाचे काय? ॲक्रिलिकमधून उष्णता काचेच्या सुमारे एक पंचमांश वेगाने जाते, हे खरे. पण पेटीचे तोंड वर उघडे, हवा तिथून येणार-जाणार. विदर्भातल्या मे महिन्यात ॲक्रिलिकपेक्षा सावली, वारा आणि मोकळे तोंड अधिक उपयोगी पडते.

तर मग निवाडा काय? माझे मत असे. उंची दोन फुटांच्या आत असेल, भिंती सरळ असतील, पाणी जड असेल आणि घरचीच माणसे पेटी पुसणार असतील, तर काच घ्यावी. काच कापणारा नि सिलिकोन लावणारा कारागीर तालुक्याला मिळतो. एखादी बाजू तडकली तर तेवढीच बदलता येते. आणि एवढ्या मापाला आपल्याकडे खर्चही बहुधा कमी येतो. उलट, भिंत वळणाची हवी असेल, पेटी अवघड जिन्याने न्यायची असेल, खोलीत मुलांची चेंडूफळी चालत असेल, किंवा उंची अडीच-तीन फुटांवर जाणार असेल, तर ॲक्रिलिकचा विचार करावा. पण मग ते साच्यात ओतून केलेले आहे का, हे विचारावे. ते सांध्याला अधिक चांगले. आणि सांधे जोडणाऱ्याने पूर्वी केलेली, पाण्याने भरलेली पेटी स्वतः जाऊन पाहावी.

काहीही घेतले तरी चार गोष्टी सोडू नयेत. टेबलाचा माथा पाणसळीने तपासावा. एक कोपरा उचललेला असेल तर पेटी पिळली जाते. काचेखाली थर्मोकोलचा थर द्यावा. ॲक्रिलिकच्या तळाला मात्र सर्वत्र सपाट, भक्कम टेकू हवा. सिलिकोन बुरशीनाशक नसलेले, मत्स्यपेटीसाठीचेच घ्यावे, कारण न्हाणीघरासाठी विकतात त्यातले औषध माशांना बाधते. ते पुरते वाळून त्याचा शिरक्यासारखा वास जाईपर्यंत पाणी भरू नये. आणि शेवटचे, पेटी प्रथम पडवीत किंवा अंगणात सावलीला, त्याच टेबलावर, थोडी थोडी करून भरावी व आठ दिवस तशीच ठेवावी. समोरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणावी आणि पोट किती आले ते रोज मोजून भिंतीवर लिहावे. आकडा वाढतच चालला, तर पेटी घरात आणू नये, कारागिराला बोलवावे.

शिक्षकांना एक सुचवतो. शाळेत पेटी आणायची ठरली, तर दुकानात जाण्याआधी फळ्यावर तिचे माप लिहा. आठवीच्या मुलांना पाण्याचे वजन, भिंतीवरचा रेटा आणि रिकाम्या पेटीचे वजन काढू द्या. उंची दीडपट केली की काय होते, तेही त्यांनाच शोधू द्या. मग दुकानदाराने जाडी सांगितली, की मुलेच त्याला विचारतील, "एवढी जाडी कशावरून?" ज्याच्याकडे उत्तर असेल, त्याच्याकडून पेटी घ्यावी.